भरतीच्या वेळापत्रकावर: हॅम्बल ते पूल बंदर, शिडाच्या बोटीतून

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लोक जातात ते बहुतेक गाडीने, एका बीचवर पार्किंग शोधायचं, आइस्क्रीम खायचं, संध्याकाळी परत. आम्हीही रेडिंगला राहायला आल्यापासून तेच करत होतो. पण हा किनारा पाण्यावरून बघायला हवा हे नवऱ्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं, त्याने आरवायएचा (रॉयल यॉटिंग असोसिएशन, बोटी चालवायला शिकवणारी इथली संस्था) कॉम्पिटंट क्रूचा कोर्स केला तेव्हापासून. कॉम्पिटंट क्रूवर बोट एकट्याच्या ताब्यात कुणी देत नाही, त्यासाठी निदान डे स्किपर हा पुढचा कोर्स तरी लागतो, म्हणून आम्ही स्किपरसकट बोट घेतली. चाळीस फुटी, तीन केबिन, एक सलून (म्हणजे बसायची खोली), गॅसची शेगडी आणि दोन फ्रीजसारखे कप्पे. नवरा, मी, लेक, आणि अलिबागहून आलेले सासूसासरे. लोक म्हणाले सत्तरीतल्या माणसांना कुठे नेताय. बाबांचं (सासरे) लहानपण अलिबागला कोळीवाड्याला लागून असलेल्या घरात गेलंय, त्यांना बोट म्हटल्यावर विचारावंच लागलं नाही, आणि बाबा येणार म्हटल्यावर आईही आल्या.

आधीच एक सांगून ठेवते, कारण सगळी ट्रिप त्याच्याभोवती फिरते. सोलंट म्हणजे मेनलँड आणि आयल ऑफ वाइट यांच्यामधली समुद्राची पट्टी. तिथे कुठे जायचं ते तुम्ही ठरवा, पण कधी निघायचं ते पाणी ठरवतं. ज्याला हे पटतं त्याला इथे फार सुख आहे.

शनिवार, हॅम्बल

दुपारी तीनला बोट ताब्यात मिळाली. हॅम्बल नदी ही साउथॅम्प्टन वॉटरला (साउथॅम्प्टनच्या खाडीला) येऊन मिळणारी छोटीशी नदी, पण दोन्ही काठांवर मरीनाच मरीना, नुसत्या डोलकाठ्यांचं जंगल. आमच्या स्किपर बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि त्यांनी पहिला तास फक्त सेफ्टी समजावली. लाइफजॅकेट पाण्यात पडल्यावर आपोआप फुगतं पण मांडीखालचा पट्टा लावला नसेल तर ते डोक्यावरून निघून जाऊ शकतं. गॅस वापरून झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह दर वेळी बंद, कारण गॅस हवेपेक्षा जड, तो बोटीच्या तळाशी साचतो. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, लाल बटण कधी दाबायचं, मेडे (संकटात मदतीची हाक) कसा द्यायचा. हे सगळं लेकीकडून पाठ करून घेतलं. मला हे फार आवडलं, बारा वर्षांच्या मुलीला कुणी इतकं गंभीरपणे घेत नाही एरवी.

मग त्यांनी भरतीचं टेबल काढलं आणि इथे बाबा पुढे सरकले. आदल्या दिवशी वटपौर्णिमा झाली होती. बाबा म्हणाले, आज प्रतिपदा, म्हणजे पूर्ण भरती पाऊण वाजता झाली असणार. टेबलमध्ये जवळच्या पोर्ट्समथ बंदराची भरती बघितली तर पाच-दहा मिनिटांच्या फरकाने तीच वेळ! कोकणात ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. स्किपर बाईंना हे नवऱ्याने समजावून सांगितलं तर त्यांनी वही काढून लिहून घेतलं. नंतर त्यांनीच सांगितलं की उधाणाच्या दिवसांत पोर्ट्समथला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून हिशोब जुळला, तेच प्लिमथला उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, तिथे हे गणित चाललं नसतं. तरी पण आठवडाभर रोज सकाळी आधी बाबा तिथी सांगायचे आणि मग बाई टेबल उघडायच्या असा नियमच पडला.

संध्याकाळी नदी ओलांडून वॉर्सॅशला गेलो, हॅम्बलची ती गुलाबी रंगाची छोटी फेरी आहे तिने. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड. बाबा म्हणाले आपल्याकडे आत्ता सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतील, मांडव्याची लाँच बंद, मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी समुद्रात जाणार नाही, आणि इथे ऐन सीझन.

रविवार, काउज

सकाळी दहाला निघालो. साउथॅम्प्टन वॉटरच्या तोंडाशी कॅल्शॉटचा आठव्या हेन्रीच्या काळातला छोटा गोल किल्ला आणि जवळच फॉलीची प्रचंड रिफायनरी. इथून काउजपर्यंतचा भाग मोठ्या जहाजांचा रस्ता आहे. १५० मीटरपेक्षा लांब जहाज चाललं असेल तर त्याच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर असा पट्टा त्याचा असतो आणि २० मीटरपेक्षा छोट्या बोटीने त्यात शिरायचंच नाही, नियम आहे. आम्ही थांबलो आणि एक कंटेनर जहाज वळण घेताना बघितलं. एवढं मोठं धूड इतक्या जवळून वळताना बघायला मिळतं ते फक्त इथेच, कारण मध्ये ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा आहे आणि त्याला वळसा घालूनच सगळ्यांना जावं लागतं. २००८ मध्ये क्वीन एलिझाबेथ २ हे जगप्रसिद्ध जहाज साउथॅम्प्टनला शेवटचं येत असताना याच दांड्यावर रुतलं होतं, मग वाढत्या भरतीत टगनी ओढून काढलं.

आणि याच ब्रॅम्बलवर दर वर्षी क्रिकेटची मॅच होते, खरंच होते. उन्हाळा संपता संपता जेव्हा सगळ्यात मोठी ओहोटी असते तेव्हा हा दांडा थोडा वेळ उघडा पडतो, आणि हॅम्बलचा रॉयल सदर्न यॉट क्लब आणि काउजचा आयलंड सेलिंग क्लब पांढरे कपडे घालून बॅट-स्टंप घेऊन बोटींतून येतात, घोटाभर पाण्यात खेळतात, आणि भरती चढली की मॅच संपली. जिंकायची पाळी आधीच ठरलेली असते, एका वर्षी हे, एका वर्षी ते. आम्ही गेलो तेव्हा वर पाणीच होतं, फक्त हवामानाची उपकरणं लावलेला एक खांब दिसला, त्याच्यावरून वाऱ्याचा वेग थेट मोबाइलवर बघता येतो.

भरतीचा ओढा पूर्वेकडे होता म्हणून स्किपर बाईंनी बोटीचं तोंड काउजच्या बरंच पश्चिमेला ठेवलं होतं. बोट तिकडे बघतेय आणि जातेय मात्र सरळ काउजला. लेकीला हे कळेना, तेव्हा बाबांनी तिला पाठीमागे किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं धुराडं दाखवलं, की ही दोन एका रेषेत राहिली तर आपण सरळ चाललोय. खाडीतली जुनी पद्धत, आणि स्किपर बाईही तेच करत होत्या, फक्त पुढच्या खुणा धरून.

काउजला मरीनात बोट लावली आणि मेडिना नदी ओलांडायला साखळीवर ओढली जाणारी फेरी घेतली, पलीकडे ईस्ट काउज, तिथून बसने ऑस्बोर्न हाउस. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ही जागा घेतली आणि इटालियन धाटणीचा वाडा बांधला, खाली स्वतःचा बीच. २२ जानेवारी १९०१ ला ती वारली तीही इथेच. मला जायचं होतं ते दरबार रूमसाठी. १८९०-९१ मध्ये बांधलेली ही खोली पंजाबच्या भाई राम सिंग यांनी डिझाइन केलीय, लॉकवुड किपलिंग यांच्यासोबत. छतापासून भिंतींपर्यंत पांढरं नक्षीकाम, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर, जाळ्या, महिरपी. राणी आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आली नव्हती.

पण खरं थांबायला लावतो तो बाहेरचा कॉरिडॉर. तिथे रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने काढलेली आपल्या साध्या माणसांची पोर्ट्रेट्स आहेत, विणकर, कुंभार, शिपाई, मुलं. काही जण १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी आणलेले कारागीर, त्यातले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातले कैदी. आई एकेका चेहऱ्यापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की आमची बस चुकली आणि पुढच्या बसने गेलो. त्या म्हणाल्या, एवढ्या लांब आणलं यांना, घरच्यांना कधी कळलं असेल का कुठे आहेत ते. राणीला हिंदुस्तानी शिकवणारा मुन्शी अब्दुल करीमचंही चित्र आहे, पण आमच्यात रात्री जेवताना बोलणं झालं ते त्या विणकरांबद्दलच.

सोमवार, काउज ते यारमथ

बाबांची तिथी तृतीया, भरती सव्वादोन. सोलंटमध्ये भरतीचं पाणी पूर्वेकडे वाहतं आणि ओहोटीचं पश्चिमेकडे, आणि पश्चिमेकडचा ओढा पोर्ट्समथच्या पूर्ण भरतीच्या तासभर आधीच सुरू होतो. आम्हाला पश्चिमेला यारमथला जायचं म्हणजे सव्वा-दीडनंतर निघणं आलं, सकाळ मोकळी. मग काउजमध्ये फिरलो. रॉयल यॉट स्क्वाड्रन, १८१५ चा क्लब, समोर पितळी तोफांची रांग, त्या तोफा रेस सुरू करायला उडवतात. अमेरिकाज कप जो आज जगातला सगळ्यात नावाजलेला यॉटिंगचा कप आहे तो याच पाण्यातून आला, १८५१ मध्ये अमेरिका नावाच्या यॉटने आयल ऑफ वाइटला प्रदक्षिणा घालायची रेस जिंकली म्हणून कपाला तिचं नाव. काउज वीक १८२६ पासून भरतो, ऑगस्टमध्ये, तेव्हा यायचं तर बोट लावायला जागा कितीतरी महिने आधी बुक करावी लागते.

दीडला निघालो आणि मग जे काही सुख होतं ते सांगता येत नाही. वारा मागून तिरका, इंजिन बंद, ओढा सोबत. बोट पाण्यातून पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) जात होती आणि जीपीएसवर सात दिसत होतं. लेकीने व्हील धरलं ते सोडलंच नाही. जाइब करताना, म्हणजे मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला घेताना, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा कॉकपिटमध्ये सगळ्यांनी डोकी खाली घ्यायची, आईंनी ते इतकं मनावर घेतलं की कुणी "जाइब" म्हटलं की त्या आधी माझं डोकं खाली दाबायच्या.

इथे एक गोष्ट जी मी स्वतः वाचून मग स्किपर बाईंशी बोलून पक्की केली. साउथॅम्प्टनला भरती दोनदा येते, म्हणजे पूर्ण भरती झाली की पाणी जरा उतरतं आणि पुन्हा चढतं, त्यामुळे पाणी दोन-तीन तास वरच राहतं. बंदराची भरभराट होण्यात याचा मोठा वाटा. बरेच लोक सांगतात की बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी येतं म्हणून दोन भरत्या. ते तसं नाही. इंग्लिश खाडीच्या या मधल्या भागात दिवसातून दोनदा येणारी नेहमीची भरती तुलनेने कमजोर आहे, आणि उथळ पाण्यामुळे तयार होणारी दिवसातून चारदा येणारी छोटी लाट त्या मानाने जोरदार, दोन्ही एकमेकींवर चढतात आणि माथा चपटा होतो, मध्ये खळगा पडतो. पश्चिमेला पूल बंदरापर्यंत हा प्रकार दिसतो, तिथे बेट कुठे आहे मधे!

यारमथला पाचच्या आत पोचलो. हे माझं आवडतं गाव ठरलं. १५४७ चा किल्ला अगदी बंदराला चिकटून, १८७६ चा लाकडी पिअर, फळ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली. क्रॅब सँडविच खाल्लं. बाबांनी चिंबोरीची आठवण काढली आणि तरी दुसरं सँडविच मागवलं.

मंगळवार, नीडल्स आणि स्टडलंड

अंगारकी! आईंचा उपास. मी साबुदाणा घरूनच भिजवण्याच्या तयारीने आणला होता, दाण्याचं कूट डब्यात. बोटीची शेगडी बोट कलली तरी आडवी राहते, झोपाळ्यासारखी दोन बिजागऱ्यांवर टांगलेली असते, तरी खिचडी मी बंदरातच करून घेतली.

दिवसाचं सगळं गणित हर्स्टचं. मेनलँडमधून गोट्यांचा एक लांब दांडा बेटाकडे येतो, त्याच्या टोकाला हर्स्ट कॅसल, आणि बेटापर्यंत सुमारे पाऊण मैलच अंतर. सोलंटच्या पश्चिम टोकाचं सगळं पाणी त्या दारातून आत-बाहेर करतं, उधाणाला चार नॉटच्या वर ओढा. शिडाच्या बोटीचा वेगच पाच, म्हणजे उलट्या ओढ्यात निघालात तर तासनतास तिथेच. आणि नैऋत्येचा वारा आणि बाहेर जाणारी ओहोटी समोरासमोर आली तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, बाजूलाच शिंगल्स नावाची गोट्यांची उथळ पट्टी, तिच्यावर फुटतात. त्या दिवशी वारा वायव्येचा, हलका, ढग नाहीत. इनशोअर फोरकास्ट (किनाऱ्याजवळच्या समुद्राचा हवामान अंदाज) सकाळी ऐकून बाईंनी मान हलवली. भरती तीनला, निघायचं दोनला.

हर्स्टपाशी पाणी सपाट असूनही उकळल्यासारखं दिसत होतं, मोठमोठे गुळगुळीत भोवरे, आणि जीपीएसवर साडेआठ नॉट. याच किल्ल्यात १६४८ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या चार्ल्स राजाला कोंडून ठेवलं होतं, पुढच्या महिन्यात लंडनला त्याचं डोकं उडवलं. २०२१ मध्ये समुद्राने पाया खाऊन किल्ल्याच्या भिंतीचा एक भाग पडला, ते भगदाड पाण्यावरून दिसलेल्या रांगेत कुठे होतं हे नवरा दाखवत होता तेवढ्यात आम्ही पुढे गेलोसुद्धा.

मग नीडल्स. आयल ऑफ वाइटचं पश्चिम टोक म्हणजे खडूचा पांढराशुभ्र कडा आणि त्याच्या पुढे समुद्रात एका ओळीत उभे तीन सुळके, शेवटच्या सुळक्याच्या पायथ्याशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, १८५९ चं. १९९४ पर्यंत तिथे माणसं राहून दिवा सांभाळायची. सुळके तसे बुटके, सुईसारखं काहीच नाही. खरी सुई होती ती चौथी, लॉट्स वाइफ म्हणायचे तिला, ती १७६४ च्या वादळात पडली आणि नाव तेवढं राहिलं. अलीकडे अॅलम बे, तिथल्या कड्यात पिवळी, तांबडी, जांभळट वाळू उभ्या पट्ट्यांत. मार्कोनीने १८९७ मध्ये इथल्याच टेकाडावर वायरलेसचं स्टेशन उभारलं होतं.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे. नीडल्स मागे टाकून पश्चिमेला चौदा-एक मैल गेलं की डॉर्सेटच्या किनाऱ्यावर ओल्ड हॅरी रॉक्स येतात, तसाच पांढरा खडू, तसेच सुळके. हा एकच डोंगर होता, मधला भाग समुद्राने खाल्ला. दुपारी चारच्या सुमारास अशी वेळ आली की मागे नीडल्स पांढरे दिसतायत आणि पुढे ओल्ड हॅरी पांढरा, आणि आपण त्या गेलेल्या डोंगराच्या वरून चाललोय. भूगोलाच्या पुस्तकात झीज वगैरे शिकलेली मी, पण ती केवढी असू शकते हे मला त्या तासात कळलं. लेक दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत होती, मोबाइल खिशात.

स्टडलंड बेमध्ये साडेपाचला पोचलो. तळाशी समुद्री गवताचं कुरण आहे आणि त्यात समुद्रघोडे राहतात, २०१९ पासून हा भाग सागरी संरक्षित क्षेत्र. गवतावर नांगर टाकला की मुळासकट निघतं, म्हणून एक भाग नांगर न टाकण्यासाठी राखलाय आणि तिथे गवताला इजा न करणारे खास मूरिंग बोय (बोट बांधायचे तरंगते गोळे) बसवलेत. सक्ती नाही, आवाहन आहे, आणि बहुतेक बोटी पाळताना दिसल्या. आम्ही बोय धरला.

चंद्रोदय इथे जूनमध्ये फार उशिरा, बारा वाजत आले होते. खाडी पूर्वेला उघडी. आई कॉकपिटमध्ये शाल पांघरून बसल्या होत्या, बाबा शेजारी, लेक झोपायला तयार नाही. ओल्ड हॅरीच्या बाजूने चंद्र वर आला, आईंनी वाटीत पाणी घेऊन हात जोडले, आणि मग वरण-भात-तूप आणि उकडीचे नाही पण तळणीचे मोदक, घरून करून आणलेले. स्किपर बाईंनी चार खाल्ले.

बुधवार, पूल

निवांत दिवस. सकाळी डिंगीने (बोटीबरोबरच्या छोट्या होडीने) स्टडलंडच्या वाळूवर, मैलोन्मैल बीच. पाणी जेमतेम १५-१६ अंश, लेक आणि नवरा पोहले, मी गुडघ्यापर्यंत. १९४४ मध्ये डी-डेची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची, तालीम इथे झाली होती, चर्चिल आणि आयझेनहॉवर बघायला आले होते, टेकाडावर तो काँक्रीटचा बंकर अजून आहे.

दुपारी पूल हार्बर. तोंड अरुंद, त्यातून साखळीवरची फेरी आडवी जाते, १९२६ पासून, तिला वाट द्यायचीच. आत गेलं की प्रचंड पाणी पण बहुतेक ठिकाणी कंबरभरसुद्धा नाही, खुणेच्या बोयमधूनच जायचं. ब्राउन्सी बेटावर १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलने मुलांचा पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला आणि त्यातून स्काउट चळवळ निघाली. लेक इथे स्काउट्समध्ये जाते, तिला त्या कॅम्पच्या आठवणीचा दगड बघायचाच होता. तांबड्या खारीही दिसल्या, इंग्लंडमध्ये करड्या खारींनी त्यांना जवळपास सगळीकडून हाकललंय.

पूलमध्येच आरएनएलआयचं, समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या लाइफबोट संस्थेचं, मुख्यालय. १८२४ पासून लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था, लाइफबोटवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, पेजर वाजला की हातातलं टाकून धावतात. बाबांनी पेटीत पैसे टाकले आणि बाहेरच्या स्मारकावरची, समुद्रात गेलेल्या माणसांची नावं सगळी वाचली. कोळीवाड्यात वादळात न परतलेल्या होड्या त्यांनी लहानपणी पाहिल्यात. आपल्या प्रत्येक बंदरात असं काहीतरी असायला हवं, असं ते म्हणाले, आणि मलाही मनापासून तसंच वाटतं.

गुरुवार, परत सोलंटमध्ये, ब्यूली नदी

षष्ठी, भरती साडेचार. आता पूर्वेला जायचं म्हणजे हर्स्टमधून आत वाहणारं पाणी हवं, ते साधारण साडेनऊ ते तीन. वारा नैऋत्येचा आणि चांगला जोराचा, फोर्स पाच. मंगळवारी हा वारा असता तर बाईंनी यारमथ सोडलंच नसतं. आज वारा आणि पाणी एकाच दिशेने, म्हणून लाटा लांब आणि समजूतदार. मेनसेलला एक रीफ घेतला (म्हणजे मुख्य शीड थोडं लहान केलं), नऊला निघालो, बाराला नीडल्स. आईंना जरा मळमळलं, आलेपाक आणि क्षितिजाकडे बघणं यावर निभावलं, खाली केबिनमध्ये मात्र जाऊ दिलं नाही, खाली गेलं की वाढतं.

ब्यूली नदीच्या तोंडाशी उंचवटा आहे, ओहोटीच्या आगेमागे दोन तास आत शिरू नये. दोनला आत गेलो. वेगमर्यादा पाच नॉट, दोन्ही बाजूंना ओकची झाडं पाण्यावर वाकलेली, चिखलात पक्षी. दोन मैल वर बकलर्स हार्ड, विटांच्या घरांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये रुंद गवताळ उतार. हे अठराव्या शतकातलं जहाजं बांधायचं गाव. रांगांमधला रस्ता एवढा रुंद का, तर लाकडं ठेवायला. न्यू फॉरेस्टच्या ओकमधून इथे १७८१ मध्ये अॅगामेम्नॉन उतरवलं, अॅडमिरल नेल्सनचं लाडकं जहाज.

बाबांनी इथे मुंबईच्या गोदीचा विषय काढला. ब्रिटिश नौदलाची जहाजं वाडियांनी मुंबईत सागवानात बांधली, आणि सागवान ओकपेक्षा टिकाऊ. १८१७ मध्ये मुंबईत उतरवलेलं ट्रिंकोमाली अजून तरंगतंय, आता उत्तरेला हार्टलपूलला, आणि त्याआधी कितीतरी वर्षं ते पोर्ट्समथच्या बंदरात होतं, इथून हाकेच्या अंतरावर. अॅगामेम्नॉन १८०९ मध्येच बुडालं. बाबा तिथल्या म्युझियममधल्या काकांशी यावर अर्धा तास बोलले, आपलं इंग्लिश आणि मधे मधे मराठी, दोघांचं अडलं नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या वाटेने ब्यूली गावापर्यंत चालत गेलो, रस्त्यावर मोकळी सोडलेली तट्टं आणि गाढवं, गाड्या त्यांच्यासाठी थांबतात.

शुक्रवार, हॅम्बल

छोटा पल्ला. सकाळी बाहेर पडलो तेव्हा डाव्या हाताला लेपचा किनारा, डी-डेसाठीच्या तरंगत्या मलबेरी बंदरांचे काँक्रीटचे भाग इथे तयार झाले होते, त्याचे अवशेष अजून दिसतात. मग टॅकिंगचा (वाऱ्याच्या दिशेने नागमोडी जाण्याचा) सराव, लेकीने जिबची (पुढच्या शिडाची) दोरी विंचवर स्वतः ओढली, नवऱ्याने डिझेल भरताना बोट धक्क्याला लावली, बाईंनी काही न बोलता अंगठा दाखवला. चारला बोट परत.

कुणाला जायचं असेल तर माझं मत सांगते. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या दोन-तीन दिवसांनंतर निघा, म्हणजे आठवडा जसा सरकतो तसे ओढे भांगाकडे (म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांकडे) कमी होत जातात. मे-जून उत्तम, ऑगस्टमध्ये मरीना गच्च. रोज तीन-चार तासांपेक्षा जास्त सेलिंग ठरवू नका, सोलंटमध्ये पुढचं बंदर कायम जवळ असतं. चाकाच्या बॅगा आणू नका, बोटीत ठेवायला जागा नसते, मऊ पिशव्या आणा. जूनमध्येही थर्मल लागतं.

शनिवार, पोर्ट्समथ

घरी जाताना पोर्ट्समथ डॉकयार्ड. नेल्सनचं व्हिक्टरी १९२२ पासून ड्राय डॉकमध्ये आहे, दुरुस्ती चालू असल्याने बाहेरून बरंच झाकलेलं होतं, आत मात्र जाता येतं. पण एकच काही बघायला वेळ असेल तर मेरी रोज बघा. आठव्या हेन्रीचं हे जहाज १९ जुलै १५४५ ला सोलंटमध्ये बुडालं, चिखलात अर्धी बाजू टिकली, आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला वर काढली. काचेपलीकडे ती अख्खी लाकडी बाजू, आणि समोर माणसांच्या वस्तू, कंगवे, चपला, धनुष्यं, न्हाव्याची पेटी, एका कुत्र्याचा सांगाडा. आत गर्दी अकरानंतर वाढते, दहाला दार उघडलं की आत जा, आणि निदान तीन तास हाताशी ठेवा.